नोकरी बदलली, गाव बदललं, कुरकुर मात्र तीच

मोल्डबॉक्स | मंगळवार, रात्री ११.४०

मंडळी, लिहिणं लांबणार आहे, आधीच सांगतो.

मी कसबा बावड्याचा. अकरा वर्षं पुण्यात काढली, चाकणला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात. जाऊन-येऊन साडेतीन तास बसमध्ये. माझ्या चिडचिडीला पुणं जबाबदार आहे याबद्दल तेव्हा मला तिळमात्र शंका नव्हती. २०२१ ला पगारावर पाणी सोडून परत आलो आणि शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत लागलो, तेही क्वालिटीतच. घरापासून गाडीवर वीस मिनिटं. आई खूश, बायको खूश, पोरगी दिवसभर आजीच्या मागं.

पहिलं वर्ष नाद खुळा गेलं. पहाटे गंगावेशीत दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी, जुने मित्र. मग कधी आणि कसं कळलं नाही, पण जुनं दुखणं परत आलं. आमच्यात साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. पुण्यात रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा, इथं तो सोमवारी संध्याकाळी येतो. गोळा तोच, वार तेवढा बदललाय.

काम वाईट आहे असंही नाही. सकाळी साडेसातला रिजेक्शनची मीटिंग. काल किती बॉक्स ओतले, किती कास्टिंग ब्लो होलनं (आत हवेची पोकळी राहून) गेली, किती वाळू शिरल्यानं, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) कुठं सरकला. मोल्डिंगवाले म्हणणार धातू थंड होता, मेल्टिंगवाले म्हणणार वाळू ओली होती. मी मधे उभा, हातात कालच्या खराब मालाची यादी. दिवसभर हेच.

आमच्याकडं फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, एक मामा आहेत. पन्नाशी उलटलेली, सत्तावीस वर्षं ग्राइंडरवर. ठिणग्या, धूळ, आवाज. पगार माझ्या निम्म्याहून कमी. आणि माणूस गुणगुणत काम करतो. परवा विचारलं, "मामा, कंटाळा येत नाही हो?" मान वर न करता म्हणाले, "कटाळा आणाय बी सवड लागती सायब."

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. समाधान कामात असतं की माणसात? माणसातच असेल, तर मी पुणं सोडून काय मिळवलं?

---

पांढरा_रस्सा | मंगळवार, रात्री ११.५५

सोमवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो कारण रविवारचं मटण सोमवारी दुपारीपण खाता. बाकी लिहिलंय झकास.

---

पेठेतला_पै | बुधवार, सकाळी ८.१०

भावा, स्वभाव, मन, सगळं खरं. पण पगारावर पाणी सोडलंस तिथंच गणित चुकलं. महिन्याच्या वीस तारखेला खात्यात पैसे शिल्लक असले की माणूस आपोआप समाधानी होतंय. आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे, आधी खुराक, मग डाव.

---

दुसरी_शिफ्ट | बुधवार, सकाळी ९.३०

मोल्डबॉक्स, राग मानू नका, पण तुमच्या मामांची गोष्ट वाचून डोकं सणकलं. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते. त्यांनाही साहेब लोक म्हणायचे, "काय आनंदी माणूस आहे!" घरी आल्यावर त्यांची पाठ मी शेकायचो.

साहेबानं विचारलं तर कोण सांगेल कंटाळा आला म्हणून? फेटलिंगच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात साठली की सिलिकॉसिस. १९४८ च्या कारखाना कायद्यापासून तो सरकारला कळवावाच लागणारा आजार म्हणून यादीत आहे. मामांचा एक्स-रे शेवटचा कधी काढलाय, तेवढं विचारा. गुणगुणणं नंतर बघू.

---

मोल्डबॉक्स | बुधवार, दुपारी १.१५

दुसरी_शिफ्ट, राग नाही. बरोबर कानफटात दिलीत. विचारतो.

---

ताई_राजारामपुरी | बुधवार, रात्री १०.२०

मी समुपदेशनाचं काम करते. समोर बसणाऱ्या दर तिसऱ्या माणसाचा प्रश्न फिरून फिरून हाच असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

स्वभाव मोजताना मानसशास्त्रात पाच मोठे पैलू धरतात. एक, चिंताळूपणा, म्हणजे मन किती चटकन ढवळतं आणि किती उशिरा निवळतं. दुसरा बहिर्मुखपणा, तिसरा नेटकेपणा, चौथा जुळवून घेण्याची वृत्ती आणि पाचवा नव्याची ओढ. २००२ साली टिमथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६३ गटांवरचे अभ्यास एकत्र करून या पाचांचा नोकरीतल्या समाधानाशी किती मेळ बसतो ते काढलं. चिंताळूपणाचा आकडा आला उणे ०.२९ (उणे म्हणजे हा जास्त तर समाधान कमी), नेटकेपणाचा ०.२६, बहिर्मुखपणाचा ०.२५, जुळवून घेण्याचा ०.१७. नव्याच्या ओढीचा ०.०२, म्हणजे जवळजवळ शून्य. पूर्ण मेळ असेल तर हा आकडा १ येतो, हे लक्षात ठेवून वाचा.

मग स्वभाव जिंकला का? थांबा. पाचही पैलू एकत्र धरले तर आकडा ०.४१ च्या आसपास जातो. त्याचा वर्ग केला की कळतं, माणसामाणसांतल्या समाधानाच्या फरकापैकी साधारण १७ टक्के या पाचांवरून सांगता येतात. उरलेलं काम, साहेब, पगार, घर, तब्येत, नशीब आणि आपली मोजपट्टी पुरेशी बारीक नसणं, यांत वाटलेलं आहे.

रिचर्ड आर्वी यांनी १९८९ मध्ये, लहानपणीच वेगळं होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्या पाहिल्या. नोकरीतल्या समाधानातल्या फरकाचा ३० टक्क्यांच्या आसपास वाटा आनुवंशिक दिसला. आकडा मोठा आहे, पण बाकीचे ७० टक्के रक्तात नाहीत हेही त्याच अभ्यासात आहे.

हे प्रत्यक्षात कसं घडतं बघा. मोल्डबॉक्स यांच्या साडेसातच्या मीटिंगमध्ये दहा माणसं असतील. साहेब एक तिरकं वाक्य बोलतात. नऊ जण चहाबरोबर गिळतात. दहावा ते खिशात घालून घरी नेतो, रात्री उलगडून बघतो, सकाळी परत खिशात घालून आणतो. मीटिंग दोघांनाही सारखीच होती.

पै, तुमच्यासाठी एक वेगळा आकडा. जज यांच्याच गटानं २०१० मध्ये पगार आणि नोकरीतलं समाधान यांचा मेळ काढला. तो आला ०.१५.

---

पेठेतला_पै | बुधवार, रात्री १०.४५

ताई, ते शून्य पॉईंट पंधरा आमच्या मालकाला दाखवू नका, पाया पडतो.

---

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ११.०५

म्हणजे आपली म्हातारी माणसं म्हणायची तेच. स्वभावाला औषध नाही.

---

ताई_राजारामपुरी | गुरुवार, सकाळी ७.५०

थोडंफार आहे. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यास एकत्र तपासले. उपचारांनी स्वभावाचे पैलू खरंच हलतात का, हा प्रश्न होता. हलतात. सगळ्यांत जास्त हलतो तो चिंताळूपणाच, आणि ते उपचार सरासरी २४ आठवड्यांचे होते. गायीचं परत वासरू होत नाही, पण लाथाळ गाय दोहता येण्याइतकी शांत होते. शिवाय वयाबरोबर बहुतेक माणसं थोडी स्थिर आणि थोडी नेटकी होतच जातात. आपल्या वडिलांचा पंचविशीतला राग आणि साठीतला राग आठवून बघा.

---

मिलचा_भोंगा | गुरुवार, सायंकाळी ६.३०

काम आवडतं की नाही हा प्रश्न काम असणाऱ्यांचा. माझे वडील शाहू मिलमध्ये होते, राजर्षींनी १९०६ ला सुरू केलेली. कामावर असताना मिलला रोज शिव्या द्यायचे. कापसाची फुंकर, मशिनचा आवाज, जॉबरची कटकट. आईला वाटायचं, सुटेल तर बरं होईल हा माणूस.

सुटलं. मिल कायमची बंद पडली. त्यानंतर बरीच वर्षं वडील भोंग्याच्या वेळेला उठायचे. भोंगा नव्हता, तरी उठायचे. अंघोळ करून, डबा नसताना डब्याची पिशवी खुंटीवरून काढून, परत अडकवून, कट्ट्यावर जाऊन बसायचे. पूर्वी घरातून मिलपर्यंत झपझप जाणारा माणूस चौकापर्यंत जायला पाऊण तास लावायला लागला. वाटेत थांबायचा. काही कारण नसताना थांबायचा. दुसरीकडं वॉचमनचं काम मिळत होतं, दोन-तीनदा आलं, पण "मी साचेवाला आहे" (साचा म्हणजे मिलमधला माग) म्हणून नाकारलं. घरात पैशाची ओढाताण होती, तशी सगळ्यांचीच होती. पण ती चाल, ते वाटेत थांबणं, त्याचा पैशाशी काय संबंध ते मला कधी समजलं नाही.

---

ताई_राजारामपुरी | गुरुवार, रात्री ९.४०

भोंगा, तुमचं वाचून अंगावर काटा आला, कारण ही चाल घड्याळ लावून मोजलेली आहे.

ऑस्ट्रियात मारिएनथाल नावाचं गिरणीचं गाव होतं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला. खिडकीआड बसून, हातात घड्याळ घेऊन त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष हळू चालायचे आणि पुन्हा पुन्हा थांबायचे. बायका भराभर जायच्या, कारण त्यांना स्वयंपाक, धुणं, पोरं चुकली नव्हती. वाचनालयाची फी काढून टाकली, हाताशी वेळच वेळ, तरी पुस्तकं नेणं जवळजवळ निम्म्यावर आलं.

याहोडा यांनी पुढं मांडलं की काम आपल्याला पगाराशिवाय पाच गोष्टी गुपचूप देत असतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा, एक ओळख आणि हातापायांना चाळवणारं काहीतरी. तुमचे वडील मिलला शिव्या देत होते तेव्हाही या पाचही गोष्टी घेत होते. "मी साचेवाला आहे" हे तीन शब्द म्हणजे चौथी गोष्ट.

---

हिरडा_बाभूळ | शुक्रवार, सकाळी ११.१५

आता पाळी माझी. आमच्यात पायताण करतात, सुभाषनगरात, आजोबांपासून. मी एमबीए करून परत धंद्यात आलेय. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, वडिलांचे फोटो काढतात आणि म्हणतात, "वा, कारागीर किती समाधानी असतो ना!" दुसरी_शिफ्ट यांना जसं डोकं सणकलं तसं मला रोज सणकतं.

माझे वडील म्हणजे चिंतेचं गाठोडं. कातडं आलं की चार वेळा उजेडात धरणार. बाभळीच्या सालीत नीट मुरलंय का, कुठं ओलसर राहिलंय का. आई वेणी घालते, ती वेणी बोटानं चाचपून बघणार. जोड तयार झाला की रात्री उठून परत एकदा टाच दाबून बघणार. ताईंच्या मोजपट्टीवर चिंताळूपणात त्यांना पैकीच्या पैकी पडतील. पण या चिंतेमुळेच आमचा जोड परत येत नाही! माझा चुलता मोकळ्या मनाचा, हसरा, रात्री ढाराढूर झोपणारा, आणि त्याच्या जोडाचा अंगठा दोन महिन्यांत सुटतो.

तेव्हा प्रश्न असा की वडिलांच्या काळजीला आजार म्हणायचं का कसब?

---

मोल्डबॉक्स | शुक्रवार, रात्री १०.३०

हिरडा, तुमच्या वडिलांत मला मी दिसलो. सविस्तर उद्या, आज फक्त एवढंच. बायकोला हा धागा वाचायला दिला. तुमचा प्रतिसाद वाचून ती म्हणाली, "बघ. तू माझ्या भाकरीलासुद्धा रिजेक्शन लावतोस." मी म्हटलं, कधी? म्हणाली, "काल. एका बाजूला फुगली नाही म्हणालास."

खरं आहे. म्हणालो होतो.

---

ताई_राजारामपुरी | शनिवार, सकाळी ८.२५

भाकरीवर जरा थांबूया, कारण या धाग्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट तीच आहे.

न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचं शहर आहे. तिथं १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांचा माग संशोधक अजून काढतायत. रॉबर्ट्स, कॅस्पी आणि मॉफिट यांनी २००३ मध्ये त्यांची १८ ते २६ ही वर्षं तपासली. दिसलं असं की स्वभावाचा जो पैलू माणसाला एखाद्या कामाकडं ओढतो, तोच पैलू ते काम पुढं जास्त धारदार करतं. बारकाईनं दोष बघणारा मुलगा क्वालिटीत जाणार, पंधरा वर्षं पगार घेऊन दोष बघणार, आणि चाळिशीला त्याच्या डोळ्याला दोषाशिवाय काही दिसेनासं होणार. मोल्डबॉक्स, तुम्ही विचारलंत कामात की माणसात. तुमच्या बाबतीत या दोन गोष्टींनी एकमेकांना पंधरा वर्षं धार लावलीय. पुणं सोडताना तुम्ही दोन्ही बरोबर घेऊन आलात, खातंसुद्धा तेच.

आणि काम आणि घर यांच्यामध्ये भिंत नसते. १९८९ मध्ये टेट, पॅजेट आणि बाल्डविन यांनी नोकरीतलं समाधान आणि एकूण आयुष्यातलं समाधान यांचा मेळ काढला, तो ०.४४ आला. म्हणजे एक भांडं उतू गेलं की शेजारची चूल विझते. त्याच्या आधी, १९६० मध्ये हॅरल्ड विलेन्स्की यांनी दोन वाटा सांगितल्या होत्या: काहींचं काम घरात सांडतं, आणि काही जण कामात न मिळालेलं बाहेर भरून काढतात. तुमच्या मामांची वाट दुसरी असावी असा माझा अंदाज. विचारलंत का त्यांना?

हिरडा, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडं सरळ उत्तर नाही. चामड्यावर वापरली तर कसब आहे, एवढं नक्की. रात्री उठून टाच दाबल्यावर ते परत झोपतात का? झोपत असतील तर राहू द्या.

---

हिरडा_बाभूळ | शनिवार, सकाळी ९.००

झोपतात. घोरतात पण.

---

रात्रपाळी_लॅपटॉप | रविवार, पहाटे ४.१०

बरेच दिवस नुसता वाचक आहे. वय २९. घरूनच काम, अमेरिकेच्या वेळेत, संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. पगार इथल्या मानानं खूप चांगला आहे. आई म्हणते, घरातच तर असतोस, तुला काय होतंय.

दीड महिना झाला, जेवण नको वाटतं. काम संपलं तरी सकाळी आठ-नऊपर्यंत झोप लागत नाही. मित्रांचे फोन उचलत नाही. मिरजकर तिकटीपासून दहा मिनिटांवर राहतो आणि यंदा विसर्जन मिरवणुकीला बाहेरच पडलो नाही. खिडकीतून आवाज ऐकला आणि खिडकी लावून घेतली. माझाही चिंताळूपणा जास्त असेल का? ती पाच पैलूंची चाचणी कुठं मिळेल?

---

ताई_राजारामपुरी | रविवार, सकाळी ७.१५

आत्ता चाचणी शोधू नका.

स्वभाव हळू चालतो, वर्षांच्या हिशोबानं. दीड महिन्यात जेवण, झोप आणि मित्र तिन्ही सुटले आणि कोल्हापूरच्या पोरानं मिरवणुकीवर खिडकी लावली, तर त्याला मी स्वभाव म्हणणार नाही. दोन आठवड्यांच्या वर असं टिकलं की नैराश्य आहे का ते तपासून घ्यायचं, आणि ते मानसोपचारतज्ज्ञानं समोर बसवून तपासायचं असतं. नुसतं कामानं पिळून काढणं निराळं. त्याला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाशी निगडित घटना म्हटलं, आजार म्हटलं नाही. पण या दोन्हींतला फरक घरबसल्या कळत नाही, आणि तुमची उलटी झोप दोन्ही वाढवते.

सोमवारी दवाखाना गाठा. तोवर किंवा रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर १४४१६. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर सोमवारचीही वाट बघू नका, आत्ता फोन लावा आणि आईला उठवा. मला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, तो बघा.

---

पेठेतला_पै | रविवार, सकाळी ७.४०

भावा, मी तिकटीलाच असतो. दवाखान्यात एकट्यानं जाऊ नकोस, मी येतो. वाटेत बोलायला पाहिजे असं काही नाही.

---

रात्रपाळी_लॅपटॉप | रविवार, दुपारी ४.३०

ताई, निरोप वाचला. तसले विचार नाहीत. पै दादा, सोमवारी अकरा वाजता चालेल?

---

पेठेतला_पै | रविवार, दुपारी ४.३२

चालतंय की. पावणेअकराला खाली उभा असतो.

---

मोल्डबॉक्स | मंगळवार, रात्री ९.५०

आठवडा झाला. हिशेब देतो.

आधी मामा. दुसरी_शिफ्ट, एक्स-रे दोन वर्षांपूर्वी काढलेला होता, परत काढायला लावलाय, फिल्म यायची आहे. मास्क देतो आम्ही, पण उन्हाळ्यात ते नाकाखाली असतं हे मला माहीत होतं आणि मी काही बोललो नव्हतो. ते माझ्याकडं लागलं.

मग त्यांच्याशेजारी डबा घेऊन बसलो. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा. विचारलं, खरं सांगा. मामा म्हणाले, दोन वर्षांमागं एक नवा सुपरवायझर आलेला, त्यानं तासाला किती नग याचा तक्ता लावला. "त्या सा महिन्यांत मी गाणं म्हटल्यालं न्हाई. रक्तदाबाची गोळी तवाच लागली." तो गेला, तक्ता निघाला. आता दिवसाचा माल सांगितला की कुठला नग आधी घ्यायचा, कधी थांबायचं, चाक कधी बदलायचं हे मामाच ठरवतात. जड नग सकाळी, अंग ताजं असताना. बारीक दुपारी. म्हणजे गुणगुणणं नुसतं मामांच्या रक्तातलं नव्हतं, ते त्या तक्त्याच्या नसण्यातलंही होतं. मी पाच वर्षं ऐकतोय आणि मधले सहा महिने ते बंद होतं हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. क्वालिटी इंजिनिअर!

आणि ताई, अंदाज बरोबर. त्यांची म्हैस आहे. तिचं बोलणं निघालं की माणूस दुसराच होतो. दिवाळी पाडव्याला सजवून पळवायची असते. आत्तापासून रोज संध्याकाळी गाडीमागं पळायची सवय चाललीय. गाडी मामांचा पोरगा चालवतो, हाक मामा मारतात.

---

ताई_राजारामपुरी | मंगळवार, रात्री १०.१०

तक्त्याची गोष्ट अगदी पुस्तकातली आहे. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं: कामाचा रेटा जास्त आणि आपल्या हातात काही नाही, हा जोड माणसाला सगळ्यांत जास्त खातो. नुसता रेटा त्या मानानं सोसवतो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९८५ ला सुरू झाला, त्यात ज्यांच्या हातात कामाची सूत्रं कमी होती त्यांना हृदयविकार जास्त होताना दिसला. आणि त्या कचेऱ्यांत ना धूळ होती ना ठिणग्या.

तुमचा स्वतःचा हिशेब राहिला.

---

मोल्डबॉक्स | मंगळवार, रात्री १०.४०

देतो. ताईंनी मला निरोपात आयुष्यातलं समाधान मोजायची एक लहान प्रश्नावली पाठवली होती, एड डीनर यांची १९८५ ची. पाच वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, कमीत कमी ५, जास्तीत जास्त ३५, वीस म्हणजे मधोमध. मला पडले १६. बायकोनं स्वतःची भरली, २७. मग तिला म्हटलं, माझ्या वतीनं माझी भर. तिनं मला दिले २२.

मी म्हटलं, सहा गुणांचा फरक कसा? म्हणाली, "तू पोरीला सायकलवर बसवून घाटावर नेतोस तेव्हाचा तू मला दिसतोस. तुला दिसत नाहीस. कागद पेन हातात दिलं की तू इन्स्पेक्शनला बसतोस." यावर काय बोलायचं? आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, भाकरी गार होतीय.

काम सोडणार नाही. रक्तही बदलता येणार नाही. पण साडेसातच्या मीटिंगमध्ये कालच्या मढ्यांची यादी वाचण्यापेक्षा तो तास मोल्डिंग लाइनवर उभा राहू द्या, वाळूचा ओलावा मी तिथल्या तिथं बघतो, माल खराब व्हायच्या आधी, असं साहेबांना आज बोललो. साहेब म्हणाले, "बघू." कोल्हापुरात 'बघू'चा अर्थ काय ते मी सांगायला नको.

ताईंकडं पुढच्या आठवड्यापासून जाणार आहे. चोवीस आठवडे म्हणजे थेट उन्हाळा येतो, पण ठीक आहे. आणि पाडव्याला मामांनी बोलावलंय, म्हस बघायला, सगळ्यांना घेऊन.

---

पांढरा_रस्सा | मंगळवार, रात्री १०.५२

मुख्य गोष्ट सांगायची राहिली. म्हस कुठली? मुऱ्हा का पंढरपुरी?

---

मोल्डबॉक्स | मंगळवार, रात्री १०.५८

पंढरपुरी. नाव हरणी. शिंगं खांद्याच्या मागं जातात म्हणे. दोन्ही सारखी आहेत का ते मापायचं नाही, असं बायकोनं आत्ताच बजावून ठेवलंय.